घोडीच्या पायांना फेटे

झाशीतल्या मराठी घरांमध्ये घोड्यावर बसता येणारी माणसं फार थोडी उरली आहेत. घोड्याविषयी मत असणारी मात्र झाडून सगळी आहेत. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर इकडे आले, एवढं नक्की. ते घोड्यावर बसून आले, की घोड्यांच्या हरभऱ्याच्या गोण्या सांभाळत मागून चालत आले, याची चौकशी आमच्या घरात कोणी केलेली नाही आणि मीही करणार नाही. चार पाहुण्यांसमोर "आपलं काय, आपण घोड्यावरची माणसं" असं म्हणताना जे सुख मिळतं, ते उगाच का घालवा? प्रत्यक्षात आमचा सगळा पुरुषवर्ग पिढ्यान्‌पिढ्या खुर्चीवर बसला. मी बँकेत बसते. आमचे हे रेल्वेच्या कचेरीत बसता बसता निवृत्त झाले. घोड्यावर बसली ती एकटी माझी भाची.

भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी. भावाची नोकरी बदलीची, म्हणून ती कॉलेजपासून आमच्याकडे, झाशीतल्या नगरा भागात राहते. तिला मराठी सगळं समजतं, टोमणेसुद्धा समजतात, पण बोलते ती हिंदी. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते आणि आमचं उत्तम चालतं. दिवसा ती ऑफिसात असते. पहाटे मात्र शहराबाहेरच्या एका तबेल्यात. तिथल्या एका तपकिरी घोडीला तिने स्वतःच्या हाताने अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकवलं आहे. घोडी तिची नाही, तबेल्याच्या मालकांची आहे. पण ही गोष्ट घोडीला अजून कोणी सांगितलेली नाही. घोडीचं नाव मी इथे लिहीत नाही. ती मानी आहे, तिला चालणार नाही.

गेल्या हिवाळ्यात या दोघीजणी ग्वाल्हेरला स्पर्धेला निघाल्या. घोडीला भाड्याच्या ट्रकमध्ये चढवलं. वाटेत ट्रकवाल्याने कचकन ब्रेक मारला, तोल सावरताना घोडीचा मागचा खूर तिच्याच पुढच्या पायाच्या टाचेवर पडला. मैदानावर पोहोचेपर्यंत पाय सुजून आला होता. अशा स्पर्धांमध्ये आधी घोड्यांचे डॉक्टर पाय चाचपून बघतात, घोडा दुडक्या चालीने पळवून बघतात आणि मगच आत सोडतात. त्यांनी घोडीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात "अगली बार" म्हणाले. खोगीर बांधलेल्या गाठोड्यातून बाहेर न निघताच परत आलं.

तबेल्याचे मालक वाईट माणूस नाहीत, पण थोडक्यात बोलतात. या वर्षी स्पर्धेची तारीख लागली तेव्हा त्यांनी भाचीला सांगितलं, "बेटा, इस बार भी पैर सुजाकर लाईं, तो मैं इसे गाँव भेज दूँगा। खेत पर आराम से रहेगी।" घोडी आरामात राहिली असती, यात शंका नाही. भाचीचं काय झालं असतं, ते तिच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. त्या दिवशी जेवताना ती पोळीचे तुकडे करून ताटाच्या कडेला ओळीत मांडत बसली.

मग ती कामाला लागली. ट्रक नको म्हणून झाशीजवळच्या बिजौलीतल्या एका छोट्या कारखान्यात, जिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात, तिथे जाऊन तिने घोडीसाठी ट्रेलर बनवून घेतला. खाली जाड रबर, छातीसमोर कापडाने गुंडाळलेला आडवा दांडा, मागे उतरता फळा. तो आमच्या ह्यांच्या जुन्या जीपला मागे जोडायचा आणि हे चालवणार. आमचे हे गाडी अशी चालवतात की शेजारून चालणारा माणूस मधेच थांबून चपलेचा पट्टा लावून पुन्हा गाडीला गाठू शकतो. घोडीच्या दृष्टीने यापेक्षा चांगला सारथी झाशीत नव्हता.

उरला प्रश्न पायांचा. भाचीने मला समजावलं होतं, ते माझ्या भाषेत सांगते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतंच. हाड, शिरा आणि वर पातळ कातडी, बस्स. चालत्या गाडीत तो सतत पाय इकडचा तिकडे करत तोल सांभाळतो आणि तेव्हा स्वतःचाच खूर स्वतःला लागतो. म्हणून गुडघ्याच्या खालपासून थेट खुराच्या वरच्या कडेपर्यंत आधी कापसाची मऊ गादी गुंडाळायची आणि तिच्यावरून लांब पट्टी. टाच झाकली गेलीच पाहिजे. पट्टी सैल झाली तर सुटून पायात अडकते आणि घट्ट झाली तर शीर दबते. म्हणजे बांधणाऱ्याचा हात सारखा हवा, पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत एकसारखा ओढणारा.

भाचीने गाद्या आणि पट्ट्या मागवून घेतल्या, आणि त्याच आठवड्यात उजव्या हाताचा अंगठा मुरगळून घेतला. लगाम धरता येत होता, पट्टी ओढता येत नव्हती. तबेल्यात घोड्यांची निगा राखणाऱ्या साईसाला पट्ट्या बांधता येत होत्या, पण गेल्या वर्षी ट्रकमध्ये घोडीबरोबर तोच होता. घोडीने झाला प्रकार सगळा त्याच्या नावावर मांडला होता. तो मागच्या पायांकडे नुसता वाकला तरी ती कान मागे टाकायची.

"हात चाहिए किसी का," भाची म्हणाली. "ऐसा हात जो कपड़ा बाँधना जानता हो।"

आमच्या घरात असा हात एकच होता, आणि तो विचारायच्या आधीच पुढे झाला.

माझे काका झाशीच्या खंडेराव गेट नावाच्या जुन्या वेशीजवळ राहतात. नोकरीत ते कारकून होते, पण ती त्यांची खरी ओळख नव्हे. झाशीतल्या मराठी मंडळींमध्ये लग्न असलं की फेटे बांधायला काकाच लागतात. नवरदेव, नवरदेवाचे वडील, मामा, दूरचे पाहुणे, हट्ट धरून बसलेल्या मुली, सगळ्यांची डोकी काकांच्या हाताखालून जातात. त्यांचा फेटा वरातीत नाचून, पंगतीत वाढून, रडारडीत मिठ्या मारूनही हलत नाही. याचं गुपित पिळात असतं. कापडाचं एक टोक काकांच्या हातात आणि दुसरं टोक ताणून धरायला समोर एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मी. परकर नेसायच्या वयापासून मी फेट्याचं दुसरं टोक धरत आले आहे. मी धरायचं, त्यांनी पीळ घालत घालत डोक्याकडे यायचं. या कामात मी किती नवरदेव अगदी जवळून घाबरलेले पाहिले आहेत, ते सांगायला बसले तर बऱ्याच संसारांत वादळ येईल.

काका तबेल्यात आले तेव्हा बगलेत मोठं बोचकं होतं. भाचीच्या पट्ट्या त्यांनी दोन बोटांत धरून पाहिल्या.

"ही काय, पायजम्याची नाडी?" ते मला म्हणाले.

"काका, ती खास घोड्यांसाठीच असते."

"असेल. पण आपल्या घरातून घोडी बाहेर पडते आहे. चार लोक बघणार." त्यांनी बोचकं सोडलं. आत लग्नांतून उरलेले फेटे होते: दोन गुलाबी, एक केशरी, एक हिरवा.

भाची पुढे आली. "आजोबा, ये फिसलेगा।"

"माझ्या हातचा फेटा घसरलेला पाहिलायस कधी?"

तिने तो खरोखरच कधी पाहिला नव्हता. "गद्दी तो नीचे लगेगी ही," ती म्हणाली. काकांना आत गादी घालून फेटा बांधणं हा अपमान वाटत होता, पण त्यांनी तेवढं मान्य केलं. आणि त्या दिवशी तर फक्त तालीम होती. ट्रेलरच्या मागच्या फळ्याची कडी बिजौलीच्या कारखान्यात नेऊन दुरुस्त करायची होती, तेवढ्या रस्त्यात घोडीलाही गाडीची सवय होईल, असा बेत होता. "ट्रायल है, देख लेते हैं," भाची म्हणाली. तिच्या आवाजात जी शंका होती, ती काकांनी शिस्तीने दुर्लक्षली.

पुढची वीस मिनिटं मी तिकीट काढून पाहायला तयार होते. काका घोडीसमोर पाटावर बसले आणि नवरदेवाशी बोलावं तसे बोलू लागले. "बाईसाहेब, हलायचं नाही. समोर बघा. पाणी प्यायचं असेल तर आत्ता सांगा, नंतर जमणार नाही." मी दुसरं टोक धरलं. काका पीळ घालत पायाकडे सरकत गेले. घोडीने मान खाली घालून त्यांच्या टकलाचा वास घेतला आणि ती खरोखर स्तब्ध उभी राहिली. गेल्या कित्येक लग्नांत मी इतका समजूतदार नवरदेव पाहिला नव्हता. प्रत्येक पायावर तिरक्या घड्या चढल्या, वर छोटासा तुरा उभा राहिला आणि मागे शेमला सुटला. शेमला म्हणजे फेट्याचं पाठीवर सोडलेलं टोक. इथे पाठ नसल्यामुळे तो खुरामागे लोंबत होता.

साईस लांब खांबाला टेकून उभा होता. तो अस्सल बुंदेली माणूस. "काए बिन्नू," तो भाचीला म्हणाला, "घुड़िया कौ ब्याव है का?"

घोडीचं लग्न आहे का, या प्रश्नावर भाची हसली नाही. घोडी चालायला लागली तेव्हा मात्र तिलाही तोंड फिरवावं लागलं. पायाला पहिल्यांदा काही बांधलं की घोड्याला आपला पाय परका वाटतो. ही प्रत्येक पाय गुडघ्यापर्यंत उचलायची, हवेत थोडा वेळ धरायची आणि मग विचार करून खाली ठेवायची. तीन रंगांचे चार पाय असे एकामागून एक विचार करत फळ्यावरून ट्रेलरमध्ये चढले. काका कमरेवर हात ठेवून बघत राहिले. सूनमुख पाहताना सासऱ्याचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

निघालो. हे गाडी चालवत होते, मी आणि काका मागच्या सीटवर, भाची स्कूटरवरून पाठीमागे. थोड्या वेळाने मागून हॉर्न ऐकू यायला लागले. आमच्या ह्यांना मागून हॉर्न येण्याची सवय आहे, त्यामुळे त्यांनी लक्ष दिलं नाही. मग एक मोटरसायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "भाईसाहब, दुल्हन का दुपट्टा बाहर लटक रहा है।"

"दुल्हन कोण?" ह्यांनी मला विचारलं.

मी मान बाहेर काढून मागे पाहिलं. घोडीने मागच्या पायाने दुसऱ्या मागच्या पायाचा शेमला दाबला होता आणि फेटा सुटत सुटत फळ्याच्या वरच्या फटीतून बाहेर पडला होता. गुलाबी कापड ट्रेलरच्या मागे वाऱ्यावर लांबच लांब फडफडत होतं आणि भाची त्याच्यातून डोकं चुकवत स्कूटर हाकत काहीतरी ओरडत होती. रस्त्याच्या कडेला एका बँडवाल्याचं दुकान होतं. बाहेर बसलेल्या क्लॅरिनेटवाल्याने ही वरात पाहून मोठ्या आपुलकीने दोन सूर लावून दिले. चहाच्या टपरीवरचे लोक उभे राहिले. एकाने तर माझा मोबाईल नंबर मागितला. त्याच्या पुतण्याचं लग्न होतं आणि त्याला अशीच सजलेली घोडी हवी होती.

मी हसून हसून सीटवर आडवी झाले. काका ताठ बसले होते. "पहिल्यांदाच," ते स्वतःशी म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदाच सुटला."

बिजौलीत ट्रेलर उघडला तेव्हा माझं हसू थांबलं. घोडी ठीक होती, पण सुटलेलं कापड तिच्या मागच्या दोन्ही पायांत गुरफटलं होतं. अजून थोडं अंतर गेलो असतो तर ती आडवी झाली असती. भाचीने डाव्या हाताने उरलेले तीन फेटे सोडले, गाद्या काढल्या. तिन्ही पायांवर, मागच्या बाजूला शिरेवर, पिळाचे तिरके वळ उमटले होते. गादीतूनसुद्धा.

ती खाली बसून एकेका वळावरून अंगठ्याशिवायची बोटं फिरवत राहिली. मग तशीच बसून म्हणाली, "आजोबा, सिर पे बाल हैं, हड्डी है। दब गया तो दब गया। यहाँ सिर्फ़ नस है।"

रागाने बोलली असती तर काकांनी उत्तर दिलं असतं. ती रागावली नव्हती. ती घाबरली होती, आणि ते काकांना दिसलं. त्यांनी फेटे गोळा केले, घडीही न घालता बोचक्यात कोंबले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत वळ गेले. घोडीला पळवून पाहिलं, चाल साफ होती. पण स्पर्धा जवळ आली होती आणि बांधणारा हात उरला नव्हता. भाची साईसाला घोडीच्या जवळ नेऊन बघायची, घोडी कान मागे टाकायची. मी स्वतः एकदा पट्टी बांधून पाहिली. ती मी दुसरं टोक धरल्यासारखी इतक्या जोराने ओढली की भाचीने माझ्या हातावर टपली मारली.

काका काही दिवस फिरकले नाहीत. फोन केला तर काकू म्हणायच्या, "आहेत, पण कामात आहेत." निवृत्त माणसाला कसलं काम, म्हणून मी शेवटी त्यांच्याकडे गेले. दार काकांनीच उघडलं. त्यांच्या पायजम्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर गुंडाळलेला होता आणि पोटरीवर जुन्या चादरीची फाडलेली पट्टी होती, सपाट, एकही घडी नसलेली.

"आत ये," आतून काकू म्हणाल्या. "पण जपून. आमचं टेबल प्रवासाला निघालंय."

खरंच, जेवणाच्या टेबलाचे चारही पाय कापूस आणि पट्ट्यांमध्ये गुंडाळलेले होते. खुर्च्यांचेही. पलंगाचे पाय बहुधा रांगेत होते.

"बस," काका म्हणाले. "बोट घाल इथे. वरून."

मी टेबलाच्या पायावरच्या पट्टीत बोट घातलं.

"एक गेलं ना?"

"गेलं."

"दुसरं घालून बघ."

दुसरं गेलं नाही. काकांनी मान डोलावली आणि मग अगदी साध्या आवाजात बोलले. "जन्मभर पीळ घालायला शिकलो. आता हात आपोआप पीळ घालतो, बघ. पहिले दोन वेढे सरळ जातात आणि तिसऱ्याला मनगट फिरतं. तेच काढतोय."

"निघेल का?"

"टेबलावर निघालंय. पण टेबल लाकडाचं आहे, त्याला काही बोलता येत नाही. मला जिवंत पाय पाहिजे."

जिवंत पाय मी पुरवले. आमचे हे रात्री जेवणाआधी वर्तमानपत्र वाचतात आणि वाचताना जगाशी त्यांचा संबंध नसतो. काका त्यांच्या समोर पाटावर बसले. पहिल्या पायाला ह्यांनी पान उलटलं. दुसऱ्या पायाला विचारलं, "डासांसाठी आहे का?" मी हो म्हटलं. भाची ऑफिसातून आली तेव्हा तिचे फुफाजी, म्हणजे आमचे हे, दोन्ही पायांना गुडघ्याखाली पांढऱ्या पट्ट्या बांधून, पाय उचलून उचलून टाकत पाण्याच्या माठाकडे निघाले होते, थेट घोडीच्याच चालीने. ती दारातच खाली बसली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा पोट धरून हसताना पाहिलं.

हसून झाल्यावर ती काकांजवळ जाऊन बसली आणि कामाचं बोलू लागली. उजव्या आणि डाव्या पायाला पट्टीची दिशा उलट असते, हे काकांना माहीत नव्हतं. टोक नेहमी बाहेरच्या बाजूला संपवायचं, मागे शिरेवर कधीच नाही, हेही. काका लहान मुलासारखे ऐकत होते आणि मधे मधे ह्यांचा पाय पुढे ओढत होते. "मग चालून दाखवा," ते ह्यांना सांगायचे. हे चालून दाखवायचे. "कुठे दुखतंय?" "नाही." "मुंग्या?" "नाही." मग काका भाचीकडे बघायचे आणि ती बोट घालून बघायची. रोज रात्री हा कार्यक्रम. शेवटी शेवटी हे स्वतःच पायजमा वर करून बसू लागले. त्यांना गुडघे बरे वाटायला लागले होते.

एक दुःख मला झालं ते सांगते. ही पट्टी आधी घट्ट गुंडाळी करून ठेवतात आणि ती पायाभोवती उलगडत जाते. दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. एवढ्या वर्षांची माझी नोकरी अशी एका संध्याकाळी गेली. मी हे बोलून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "तू बोलत राहा. तेवढ्याने घोडी उभी राहील." आणि खरंच माझं काम तेच ठरलं. काका बांधायचे आणि मी घोडीच्या तोंडाशी उभी राहून तिला झाशीतल्या लग्नांच्या गोष्टी सांगायचे. ज्या गोष्टी माणसांना सांगता येत नाहीत, त्या मी तिला सांगितल्या. ती कान पुढे करून ऐकते आणि कोणाला सांगत नाही.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे काकांनी चारही पाय बांधले. पांढऱ्या सपाट पट्ट्या, शोभा म्हणून काही नाही. ते हात जोडून मागे सरकले, नवरदेव बोहल्याकडे निघाल्यावर सरकतात तसे. भाचीने प्रत्येक पट्टीत बोट घातलं आणि मान हलवली. निघालो.

ग्वाल्हेरच्या वाटेवर, दतियाच्या पुढे, उसाच्या शेतातून एक म्हैस रस्त्यावर आली. ती धावत नव्हती, नुसती आली. आमच्या ह्यांनी जन्मात पहिल्यांदा कचकन ब्रेक मारला. जीप थांबली आणि मागे ट्रेलरमध्ये धडधड असा आवाज झाला, मग एक ठोका, मग काही नाही.

भाची दार उघडून मागे धावली. आम्ही उतरलो तेव्हा ती आत वाकून बघत होती. घोडी चार पायांवर उभी होती. पण पुढच्या डाव्या पायाची पट्टी टाचेवर चिरली गेली होती आणि आतली गादी बाहेर आली होती. खुराचा अर्धगोल छाप तिच्यावर स्पष्ट होता. नेमकी गेल्या वर्षीची जागा.

"सोडून बघायचं?" मी विचारलं.

"यहाँ नहीं। यहाँ खोल दी और फिर ब्रेक लगा तो?" तिने गादी आत दाबली, पट्टीवरून हात फिरवला. "वज़न दे रही है पैर पे। चलो।"

तिथून ग्वाल्हेरपर्यंत हे पूर्वी चालवायचे त्याहून हळू चालवत गेले. काका खिडकीबाहेर बघत होते आणि मांडीवर त्यांची बोटं हवेत पट्टी गुंडाळत होती.

मैदानावर पोहोचलो. भाचीने घोडी उतरवली आणि पट्ट्या सोडायला बसली. काका ट्रेलरच्या पलीकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"काका, या ना इकडे."

"तू सांग काय चाललंय ते. मला ऐकू येतं."

अशी संधी मला आयुष्यात पुन्हा कधी मिळणार होती? पण मी फार ताणलं नाही, थोडंच ताणलं. "पहिला पाय मोकळा झाला," मी सांगू लागले. "कोरा. केसही विस्कटलेले नाहीत. दुसरा सुटतोय. गादी निघाली. साफ. आता तिसरा. तिसराही साफ आहे, काका."

"आणि तो?"

"आता तोच सोडतेय. पट्टी निघाली. गादी..." मी थांबले. नाटक म्हणून थांबले नव्हते, बघण्यासाठी थांबले होते. भाची टाचेवरून बोटं फिरवत होती, एकदा, दोनदा, मग उलट्या बाजूने. मग तिने वर बघितलं.

"काही नाही," मी म्हटलं. "काका, काही म्हणजे काही नाही."

पाठ हलली नाही. "डॉक्टर?"

"येतायत." डॉक्टर आले, गेल्या वर्षीचेच. त्यांनी घोडीला ओळखलं, भाचीला ओळखलं. एकेक पाय वरून खाली चाचपला, पुढच्या डाव्या पायाला दोनदा हात लावला. मी हे सगळं काकांच्या पाठीला सांगत होते, थोडी मीठमिरची लावून. मग डॉक्टर म्हणाले, "दौड़ाइए।" भाचीने घोडीला हाताने धरून पळवलं. घोडीने गाडीतून उतरल्यापासूनचा सगळा विचारी थाट टाकून दिला आणि अशी सरळ, एकसारखी दुडकत गेली आणि आली की मला सांगायला शब्दच पुरेनात, आणि ते वाक्य माझ्या तोंडून फार क्वचित निघतं.

"ठीक है," डॉक्टर म्हणाले. "जाइए, मैदान में मिलेंगे।"

भाचीने घोडीच्या मानेत तोंड खुपसलं. घोडी चारा कुठे आहे ते बघत होती.

तेव्हा काका ट्रेलरच्या मागून आले. कोणाकडे न बघता ते घोडीजवळ गेले, गुडघे टेकून खाली बसले आणि पुढचा डावा पाय दोन्ही हातांत घेतला. मागे बाकीचे घोडे रांगेत उभे होते, त्यांचे स्वार घड्याळाकडे बघत होते.

"बाबूजी," डॉक्टर म्हणाले, "मैंने देख लिया है।"

"आपने देखा होगा," काका म्हणाले. "हमने नहीं देखा।"

आणि ते सावकाश, पहिल्या पायापासून चौथ्या पायापर्यंत, वरून खाली बोटं फिरवत गेले. घोडी मान वळवून त्यांच्याकडे बघत स्तब्ध उभी राहिली. डॉक्टरांनी हातातला कागद काखेत धरला आणि त्यांची वाट पाहिली.